तारेसारखं नको

अण्णांनी पाणी मागितले. मी खाली जाऊन कँटीनमधून बाटली घेऊन आलो, तेव्हा त्यांनी तिचे झाकण फिरवून उघडले आणि बाटली माझ्याच हातात परत दिली. "तू पी," म्हणाले. जानेवारी २०१६ मधली ती दुपार होती. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, तीन खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या त्या पोलादी बाकावर ते बसले होते. मांडीवर स्कॅनच्या फिल्मचा मोठा पिवळा लिफाफा होता आणि त्यावर दोन्ही हात होते, जसे पूर्वी टपालाच्या थैलीवर असत. फिनेलच्या वासात शेजारच्या कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास मिसळला होता. मी दोन घोट प्यायलो, कारण घसा खरोखरच कोरडा पडला होता, आणि मग "तुम्हाला नको?" असे विचारले. त्यांनी नुसती मान हलवली. पाणी मागायचे आणि प्यायचे नाही, याचा त्या वेळी मला थोडा रागच आला होता. दोन जिने उतरून, रांगेत उभे राहून मी ती बाटली आणली होती.

त्याच्या दहा मिनिटे आधी दारातल्या बाईंनी नाव पुकारले होते आणि नेहमीचा प्रश्न विचारला होता : "पेशंटबरोबर कोण आहे?" अण्णा उठू लागले तसे त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बसा. बरोबरच्यांना येऊ द्या." पासष्ट पावले चालून, दम लागून तिथवर आलेला माणूस दाराबाहेर राहिला आणि मी आत गेलो. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही व्यवस्था मीच लावून ठेवलेली होती. सकाळी नाव नोंदवताना मी आत डोकावून "डॉक्टर, वडिलांसमोर काही बोलू नका" असे सांगून आलो होतो, आणि ते ऐकून डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काहीतरी उमटलेले मला दिसले होते. आमचे दोघांचे संगनमत चार वाक्यांत झाले. त्यात तिसऱ्याची, म्हणजे ज्याचा आजार होता त्याची, गरज कुणालाच वाटली नाही.

आत डॉक्टर भराभर बोलले. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, यकृतातही ठिपके दिसत आहेत, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, पित्ताच्या नळीत एक बारीक नळी टाकून कावीळ उतरवू, म्हणजे खाज कमी होईल. बोलता बोलता ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदावर सही करत होते आणि टेबलावर उपडा ठेवलेला मोबाईल मधूनमधून थरथरत होता. मी "किती?" एवढेच विचारले. "तीन ते सहा महिने," ते म्हणाले, आणि मी उठणार एवढ्यात त्यांनी ते वाक्य उच्चारले, जे महाराष्ट्रात प्रत्येक घराने कधी ना कधी ऐकलेले असते : "त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "कावीळच आहे. नळीत अडथळा आलाय, तो काढला की झालं." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिले. पत्ता नीट लिहिलेला नसला की ते पाकिटाकडे जसे पाहत, तसे. आणि मग त्यांनी पाणी मागितले.

आपल्याकडे मृत्यूची पहिली खबर खाण्याच्या भाषेत येते, हे मला पुढे बरेच दिवस डाचत राहिले. साखर बंद, तेल बंद, मीठ कमी, असे वर्षानुवर्षे बजावणारा माणूस एके दिवशी एकाएकी उदार होतो आणि म्हणतो, आता काहीही चालेल. आपली भाषाच तशी आहे. फुटलेली बांगडी आपण 'वाढवतो', मालवायचा दिवा 'शांत करतो', दुकान बंद करताना ते 'वाढवतो' आणि मेलेल्या माणसाला 'गेले' म्हणतो, जणू स्टँडवर गेले आहेत आणि शेवटच्या गाडीने परततील. कर्करोगाला तर घरोघरी नावच नसते. 'तसलं काहीतरी निघालं' म्हटले की समोरचा समजतो आणि आवाज खाली आणतो. ही सगळी न बोलण्याची संपत्ती मला एरवी आवडते. तिच्यात माया आहे, दुसऱ्याच्या काळजाला धक्का लागू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घेतलेली काळजी आहे. पण ही भाषा दोघांनाही येत असली की तिच्यात लपवता काहीच येत नाही, फक्त लपवल्याचे नाटक करता येते, हे मला त्या वेळी सुचले नाही. आणि अण्णांना तर ती भाषा माझ्यापेक्षा कितीतरी चांगली येत होती. त्यांचा व्यवसायच तो होता.

अण्णा पाटण तालुक्यात पोस्टमन होते. त्या डोंगरी गावांतली निम्मी घरे मुंबईच्या गिरण्यांवर चालत असत. लालबाग-परळच्या एकेका खोलीत गावातले वीस-वीस गडी राहत आणि महिन्याच्या महिन्याला अण्णांच्या थैलीतून त्यांच्या मनीऑर्डरी घरोघर पोहोचत. त्यामुळे अण्णांना पाहून पोरे धावत येत, बायका उंबऱ्यावर येत. मात्र तार आली असली की अण्णा वेगळ्याच वेळी, भर उन्हात किंवा दिवेलागणीला येत, आणि त्यांना अवेळी येताना पाहूनच वाडीतल्या कुत्र्यांसकट सगळे गप्प होत. तार इंग्रजीत असे. शब्दाला पैसे पडत, म्हणून ती तीन-चार शब्दांची असे. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' घरात इंग्रजी वाचणारे कुणी नसे, म्हणून जो आणणार त्यानेच वाचून दाखवायची. त्यातले 'सीरियस' म्हणजे बहुतेक वेळा 'गेले', हे तार करणाऱ्याला माहीत असे, अण्णांना माहीत असे आणि ऐकणाऱ्यालाही माहीत असे. तरीही तो शब्द 'सीरियस'च वाचला जाई, कारण मुंबईपर्यंतच्या रात्रभराच्या प्रवासात माणसाला धरायला काहीतरी हवे असते. पत्राचेही तसेच. वर 'श्री' नसलेले कार्ड थैलीत दिसले की अण्णा ते सगळ्यांत खाली सारत आणि त्या घरी शेवटी जात. ते कार्ड वाचून झाले की घरात न नेता दारातच फाडून टाकायची रीत होती.

हे सारे मला तुकड्या-तुकड्याने ठाऊक होते. पाण्याचे मात्र ठाऊक नव्हते. ते अण्णांच्या तेराव्याला कळले. त्यांच्याबरोबर त्याच टपाल कार्यालयात असलेले एक म्हातारे गृहस्थ जेवून पडवीत बसले होते, सुपारी कातरत. ते म्हणाले, "तुझे अण्णा तार घेऊन गेले की उंबऱ्यावर आधी पाणी मागायचे. तहान नसायचीच त्यांना. कोणीतरी तांब्या भरायला आत जातं, तोवर बाकीची माणसं टेकतात. आणि पाणी येतं ते ज्याला लागणार असतं त्याच्या हाताशीच येतं." मग त्यांनी सांगितले की ही सवय काही पहिल्यापासूनची नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अण्णांनी एका घरी दारातच, उभ्या-उभ्या तार वाचली होती, आणि ती बाई कडेवरच्या पोरासकट कोसळली होती. पोराला खोक पडली. तेव्हापासून अण्णा उभ्या माणसाला तार वाचून दाखवत नसत. आधी बसवायचे, घरात थोरले कोण आहे ते विचारायचे, बाई एकटी असली तर शेजारणीला हाक मारायची, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारायचे, "मुंबईचं काय पत्र-बित्र होतं का मधी?" त्या उत्तरातून त्यांना कळे की या घराला आजाराची कुणकुण आहे की हा वज्राघातच होणार आहे. त्याप्रमाणे ते कागद उलगडायला कमी-जास्त वेळ लावत.

मी पडवीतून उठून मागच्या परसात गेलो.

२०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, त्या रात्री अण्णा दूरदर्शनसमोर बसले होते. शहरांतल्या तारघरांपुढे तरुण मुलांच्या रांगा लागल्या होत्या. आठवण म्हणून ती मुले स्वतःलाच किंवा मित्रमैत्रिणींना शेवटची तार करत होती. आम्हाला वाटले, यांना वाईट वाटत असेल. ते म्हणाले, "बरं झालं. सुटलो." निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षे झाली होती. तरी 'सुटलो' म्हणाले.

अशा माणसापासून आम्ही सहा आठवडे त्याचा आजार लपवला. घरातला सूत्रधार मी, पण मूळ आज्ञा आईची होती : "ह्यांना काही सांगायचं नाही. ह्यांचा धीरच सुटेल." फाईल कपाटावरच्या जुन्या पेटीत गेली. केमोथेरपीचा एक हलका डोस देऊन पाहायचे ठरले, तेव्हा त्याला आम्ही 'शक्तीचं सलाईन' म्हणू लागलो. भेटायला येणाऱ्यांना फाटकातच गाठून पढवले जाई. ते सफरचंदांची पिशवी घेऊन आत येत, "चेहरा सुधारलाय की!" असे जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणत, आणि मग स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे टिपत. आमचे घर दोन आवाजांचे झाले होते. पुढच्या खोलीत मोठा, आनंदी आवाज आणि ओट्याजवळ कुजबूज. रात्री अण्णांना कावीळीची खाज असह्य होई. आई अंधारात त्यांच्या पाठीला खोबरेल लावत बसे आणि दोघेही काहीच बोलत नसत. मला पलीकडच्या खोलीत तेलाच्या हाताचा पाठीवर फिरणारा आवाज ऐकू येई. कधी वाटे की आत्ता ते विचारतील, आणि मी श्वास रोखून धरी. ते विचारत नसत.

त्यांना माहीत होते, हे मागाहून कळले. पहिल्याच दिवशी, मी पाणी आणायला गेलो असताना, त्यांनी मांडीवरचा लिफाफा उघडून अहवाल वाचला होता. आयुष्यभर इंग्रजी पत्ते आणि तारा वाचलेला माणूस तो. आपण मात्र डॉक्टर लोक 'कॅन्सर' न लिहिता 'सीए' लिहितात, म्हणून निर्धास्त असतो. "सी. ए. म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, एवढं मलाही कळतं," असे ते पुढे एकदा म्हणाले, आणि त्या दिवसांत घरात पहिल्यांदा कुणीतरी खरे हसले. म्हणजे ते सहा आठवडे आम्ही त्यांना सांभाळत नव्हतो. आमचे नाटक पडू नये म्हणून तेच आम्हाला सांभाळत होते. दुखत असताना 'बरं आहे' म्हणत होते, सफरचंदाची फोड चघळून हळूच रुमालात ठेवत होते.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली, आणि ती अशी बसून लिहिण्याचे कारण माझी भाची आहे. अण्णा गेले तेव्हा ती नववीत होती. आता वैद्यकीय महाविद्यालयात आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण रीतसर आले आहे, आणि त्यात वाईट बातमी कशी सांगायची याचाही सराव करून घेतात. परवा ती घरी आली होती. म्हणाली, "मामा, तू पेशंट हो. मला प्रॅक्टिस करायचीय." जेवणाच्या टेबलाची खुर्ची तिने माझ्या समोर न ठेवता जरा तिरकी ठेवली, मोबाईल बंद करून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, आणि कागदी रुमालांचा एक डबा माझ्या हाताशी सरकवला. (आपल्याकडे त्या कामाला पदर आणि उपरणे असते, पण असो.) मग ती माझ्या डोळ्यांकडे पाहत म्हणाली, "काका, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?" मी ठरवल्याप्रमाणे काहीतरी उत्तर देणार होतो. मला बोलता आले नाही. तिला शिकवलेले होते की अशा वेळी आपण गप्प बसायचे, शांतता भरून काढायची नाही. म्हणून ती गप्प बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामा, तू ॲक्टिंग चांगली करतोस."

तिने मला त्या पद्धतीची टिपणे दाखवली. त्या पद्धतीला 'स्पाइक्स' म्हणतात. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ती मांडली. बकमन हा मूळचा इंग्लंडचा आणि पुढे टोरोंटोत काम करणारा कर्करोगतज्ज्ञ. तरुणपणी तो स्वतः गंभीर आजारी पडला होता, म्हणजे खाटेच्या दुसऱ्या बाजूनेही त्याने हे सारे पाहिलेले होते. त्यात सहा पायऱ्या आहेत. बसण्याची जागा आधी नीट करायची, रोग्याला काय ठाऊक आहे ते विचारायचे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारायचे, मग त्याच्या भाषेत थोडे-थोडे सांगायचे, त्याच्या भावनेला वाट करून द्यायची, आणि शेवटी पुढे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे. बातमी किती वाईट हे आजारावर तेवढे नसते. माणूस काय धरून बसला होता आणि प्रत्यक्षात काय निघाले, या दोहोंतल्या अंतरावर ते असते, असे बकमन म्हणत असे. मी वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे पाटणच्या डोंगरातला एक उंबरा होता. जुळवून घेण्याचा मोह फार होतो, हे मला कळते. अण्णा काही संवादशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी एका पोराच्या डोक्याला खोक पडलेली पाहिली होती, एवढेच.

त्या सहांपैकी तिसऱ्या पायरीवर मात्र मी अडखळलो. किती जाणून घ्यायचे आहे, हे रोग्यालाच विचारायचे. सांगायचे की नाही, यावर आमच्या घरात रात्र-रात्र चर्चा झाल्या होत्या. मावशी, काका, ठाण्याचे मेव्हणे, सगळ्यांनी फोनवर आपापली मते दिली होती. ज्याला विचारायचे तो भिंतीपलीकडे जागा होता.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो, असे माझे मेव्हणे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. एक तर पाश्चात्त्य पूर्वी आपल्यासारखेच होते. १९६१ साली शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले जवळजवळ ९० टक्के कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ साली अमेरिकेत तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत माणसाचे काळीज बदलत नाही. बदलले ते उपचार, कायदा आणि डॉक्टरांची सवय. आणि दुसरे म्हणजे आपल्याकडचा जुना दाखला आपण समजतो तसा सरळ नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य बजावतात की रोग्याचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले, तरी जिथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होईल तिथे ते सांगू नये. हे वाक्य लपवण्याच्या समर्थनासाठी नेहमी पुढे केले जाते. पण त्यात 'जिथे' आहे. सरसकट सांगू नका, असे आचार्य म्हणत नाहीत. सांगितल्याने अपाय होईल का, ते त्या-त्या माणसाकडे पाहून ठरवण्याचे काम ते वैद्यावर टाकतात, आणि माणसाकडे पाहायचे तर त्याला आधी आत बोलवावे लागते.

आपले आजचे नियम याहून गुळमुळीत आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत म्हटले आहे की आजाराचे गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताइतकी माहिती आहे, याची त्याने खात्री करून घ्यावी. त्या 'किंवा'मध्ये अण्णा बाकावर राहिले. आणि डॉक्टर त्या 'किंवा'चा आधार का घेतात, हेही उघड आहे. बिल नातेवाईक भरतात, सही नातेवाईक करतात, आणि उद्या काही झाले तर काचा फोडायलाही नातेवाईकच येतात. डॉक्टरांवरचे हल्ले थांबवण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला आहे. खाटेवरचा माणूस काचा फोडत नाही. त्यामुळे ज्याची भीती वाटते त्याच्याशी बोलले जाते. त्या दुपारच्या डॉक्टरांवर माझा आता राग नाही. व्हरांड्यात किमान साठ माणसे उभी होती, त्यांच्या टेबलावर झाकलेला डबा तसाच होता, आणि बसून बोलायला त्यांना कुणी कधी शिकवलेलेही नसावे. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाला आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा बातमी वाचताना मनात आले, की ज्याला आजारच सांगितलेला नाही त्याने काय लिहून ठेवायचे?

मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये. बरे न होणाऱ्यांची वेदना कमी करण्याची ही शाखा आपल्याकडे नवी नाही. मात्र आमच्यापर्यंत ती योगायोगानेच पोहोचली. फेब्रुवारीच्या अखेरीला अण्णांच्या पाठीतल्या कळा गोळ्यांना दाद देईनात, तेव्हा कुणीतरी एका डॉक्टरबाईंचे नाव सुचवले आणि त्या घरी आल्या. चप्पल बाहेर काढली, खाटेशेजारचे स्टूल ओढून बसल्या, जेणेकरून त्यांचे डोळे अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला आले. मी नेहमीप्रमाणे त्यांना बाजूला घ्यायला पुढे झालो होतो. त्या मला म्हणाल्या, "तुमच्याशी नंतर बोलते. आधी ह्यांच्याशी." मग अण्णांना म्हणाल्या, "काका, काय झालंय असं वाटतं तुम्हाला?"

अण्णा म्हणाले, "तुम्हाला सांगायला धाडलंय की लपवायला?"

"विचारायला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला किती कळायला हवंय, ते तुम्ही सांगा. नको असेल तर मी फक्त दुखण्याचं बघते."

आई दारात उभी होती. तिने माझे मनगट धरले होते आणि तिच्या बांगड्या माझ्या हाडाला रुतत होत्या. अण्णा पंख्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सगळंच सांगा. पण तारेसारखं नको. पत्रासारखं सांगा."

तो दिवस आणि त्यानंतरचा एक, असे दोन वेळा त्या येऊन बसल्या. 'गाठ' म्हणाल्या आणि थांबल्या. अण्णांनी मान हलवल्यावर पुढे बोलल्या. 'कॅन्सर' हा शब्द शेवटी अण्णांनीच उच्चारला. बाईंनी फक्त "हो" म्हटले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. मग अण्णांनी विचारले, "आंबा सापडेल का?" तेव्हा माघ सरत होता. बाईंनी घाईने उत्तर दिले नाही. "नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आंब्यासाठी राखून ठेवलेली कामं असतील, तर ती आत्ताच करून टाकू."

यानंतर सगळे सुरळीत झाले, असे मी लिहिणार नाही. दोन दिवस अण्णांनी अन्नाला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि आईने कपाळाला हात लावला तर तो झटकून टाकला. आई मला म्हणाली, "पाहिलंस? मी म्हणत होते." ती आजही तेच म्हणते. तिच्या लेखी ते आधीचे सहा आठवडे बरे गेले, नंतरचे वाईट गेले, आणि खाटेशी मीच नव्हे तर तीही चोवीस तास होती, तेव्हा तिला खोटे पाडण्याचा मला अधिकार नाही. एवढे खरे की नंतर घरात एकच आवाज राहिला. रात्री तेल लावताना ती दोघे बोलत. काय बोलत ते मला कळत नसे आणि कळावे असेही वाटत नसे. पेटीतली फाईल उशाशी आली. चैत्रात आईने केलेली आंब्याची डाळ अण्णांनी दोन चमचे खाल्ली आणि "कैरी आंबट आहे" अशी तक्रार केली. अक्षय्य तृतीयेला आठवडा असताना ते गेले.

पण मला सांगायचे आहे ते मार्चमधल्या एका सकाळचे. मासिक उत्पन्न योजनेच्या खात्यावर आईचे नाव लावून घ्यायचे होते. मी कागद घेऊन जातो म्हटले, तर ऐकेनात. रिक्षातून त्यांना टपाल कार्यालयात नेले. डिंकाचा आणि लाखेचा तो जुना वास आत शिरताच आला. तिथे आता संगणक होते, ओळखीचे कुणीच नव्हते. ते टोकन घेऊन रांगेत उभे राहिले, मला हात लावू दिला नाही. जाळीमागे एक पंचविशीतली मुलगी होती. पासबुक पाहून ती हसून म्हणाली, "आजोबा, कशाला घाई? मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत. तेव्हा करू की नाव." अण्णांनी तिच्याकडे पाहिले. डोळे अजून पिवळे होते. मग त्यांनी मागे वळून कुठे बाक आहे का ते पाहिले, आणि जाळीवर हात ठेवून म्हणाले,

"बाळ, जरा पाणी मिळेल का?"